श्वानदंश आणि अपुरी नोंदवही

मोकाट कुत्र्यांचा प्रश्न निघाला की आपल्याकडे तत्काळ दोन तट पडतात. एकाला सर्व कुत्री गावाबाहेर हवी असतात; दुसऱ्याला त्यांच्या केसालाही धक्का लागलेला खपत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील कुत्र्यांसंबंधी एक आदेश दिला व अकरा दिवसांनी त्यात बदल केला, तेव्हा हा वाद देशभर पेटला. त्या गदारोळात एक साधा प्रश्न मात्र बाजूला राहिला : कुत्री माणसांना कोठे, केव्हा आणि कशी चावतात, याची धड नोंद आपल्याजवळ आहे काय?

केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०२४ साली कुत्रा चावल्याच्या ३७ लाख १७ हजारांवर घटना नोंदल्या गेल्या, आणि रेबीजच्या संशयित मृत्यूंची संख्या होती अवघी ५४. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या संशोधकांनी २०२२-२३ मध्ये १५ राज्यांतील ६० जिल्ह्यांत घरोघर पाहणी केली. तिच्या आधारे वर्षाकाठी सुमारे ५,७०० माणसे रेबीजने दगावत असावीत, असा अंदाज निघाला. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज तर १८ ते २० हजारांचा आहे. अंदाजांत तफावत असणारच. पण ५४ आणि ५,७०० यांतील तफावत अनास्थेखेरीज दुसऱ्या कशानेही उलगडत नाही. जे मृत्यू वहीत नाहीत, त्यांच्यासाठी अंदाजपत्रकात तरतूदही होत नाही.

रुग्णालयाच्या वहीत रुग्णाचे नाव, वय आणि दिलेली लस एवढे आले म्हणजे काम संपले, असे मानून चालणार नाही. दंश कोणत्या गल्लीत झाला, कुत्रा पाळीव होता की मोकाट, दहा दिवसांनी तो जिवंत होता की मेला, हे लिहिले गेले पाहिजे आणि त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे पोहोचले पाहिजे. एकाच कुत्र्याने पाच जणांना चावे घेतले आणि ते पाच जण तीन दवाखान्यांत गेले, तर धोक्याची सूचना मिळणार कोणाला? उपरोक्त पाहणीत कुत्रा चावलेल्यांपैकी सुमारे एकपंचमांशांनी लसच घेतली नव्हती. घेणाऱ्यांतही अनेकांनी ती अर्ध्यावर सोडली. वीजबिल थकले तर घरी स्मरणपत्र येते; लसीची पुढील मात्रा चुकली तर सहसा कोणी विचारत नाही.

हे अशक्य नाही, याचा दाखला शेजारीच आहे. गोव्यात राज्य सरकार आणि ‘मिशन रेबीज’ ही संस्था यांनी वर्षाला लाखाच्या आसपास कुत्र्यांना लस टोचली, प्रत्येक टोचणीची जागा मोबाइलवर नोंदली, संशयित कुत्र्याची खबर देण्यासाठी दूरध्वनीची सोय केली आणि शाळाशाळांतून मुलांना शिकवले. परिणामी कुत्र्यांमधील रेबीज ९० टक्क्यांहून अधिक घटला, आणि २०१७ नंतर दोन वर्षांहून अधिक काळ तेथे एकही माणूस या रोगाने मेला नाही.

लोकशिक्षणाचा भाग याहून कमी महत्त्वाचा नाही. पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागतात ही भीती अजून घरोघर आहे. वास्तविक त्या जुन्या लसीचे उत्पादन २००४ च्या अखेरीस थांबले. आताची लस दंडात मोजक्या मात्रांत दिली जाते. जखमेवर हळद, मिरची वा चुना लावण्याऐवजी ती साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी व लगेच दवाखाना गाठावा, एवढे ज्ञान जीव वाचवू शकते. कारण रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली की त्यावर इलाज उरत नाही.

जगभर संशयित प्राण्यांच्या चाव्याला बळी पडणाऱ्यांत सुमारे ४० टक्के १५ वर्षांखालील मुले असतात. म्हणून हे शिक्षण शाळेतूनच सुरू झाले पाहिजे. जेवणाऱ्या, झोपलेल्या वा पिल्लांजवळच्या कुत्रीला छेडू नये. कुत्रा अंगावर आला तर पळू नये, स्तब्ध उभे राहावे. आणि चावा लहानसा असला तरी मार खाण्याच्या भीतीने घरी लपवू नये. एवढा पाठ २८ सप्टेंबरच्या जागतिक रेबीज दिनी प्रत्येक वर्गात सहज होऊ शकेल.

कुत्र्यांमुळे होणारा रेबीज २०३० पर्यंत संपवण्याचा संकल्प केंद्राने २०२१ मध्ये सोडला आहे. तो कागदावर राहू नये असे वाटत असेल, तर प्रत्येक तालुक्याने दर महिन्याला आपल्या दंशांचा गाववार तक्ता प्रसिद्ध करावा. कुत्र्यांचे काय करायचे, याचा वाद तो तक्ता समोर ठेवून खुशाल घालावा.