वणवा विझवायला आमची पोरं, अभ्यासाला कोण?

वीस वर्षं गडचिरोलीत वणव्याच्या बातम्या देतोय. दरवर्षी आकडा बदलतो, बातमी तीच.

१५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम. बीएस्सी झालेली पोरंसुद्धा रोजंदारीवर आग विझवायला जातात. पाऊस आला की काम संपलं, पोरगं घरी.

उपग्रह आगीचा ठिपका दाखवतो, मोबाईलवर संदेश येतो. पण मोहफूल वेचायला लावलेली आग आणि तेंदूच्या फुटव्यासाठी लावलेली आग, दोन्हींचा परिणाम सारखाच का? कोणती रोपं पुन्हा फुटली, कोणती कायमची गेली? ते उपग्रह नाही सांगत. त्यासाठी दरवर्षी त्याच जागी जाऊन मोजावं लागतं. तमिळनाडूत मुदुमलाईला ५० हेक्टरच्या तुकड्यावर १९८८ पासून एकेक झाड मोजताहेत. कर्नाटकातले सोलिगा म्हणाले, आमची हलकी आग बंद केली म्हणून घाणेरी माजली. संशोधकांनी त्यांचं ऐकलं.

आपल्याकडे जंगल आहे, २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ आहे, पोरं तर आहेतच. संशोधनाच्या जागेला अर्ज केला की विचारतात, 'अनुभव?' अहो, पाच उन्हाळे वणव्यात काढले, आणखी कसला अनुभव पाहिजे?

मागणी साधी आहे. प्रत्येक वनविभागात दोन स्थानिक पदवीधरांना तीन वर्षांची शिष्यवृत्ती द्या. जळालेले आणि न जळालेले तुकडे त्यांना मोजू द्या. अहवालावर नाव त्यांचंच टाका.

पुढचा हंगाम लागायच्या आत वनखात्यानं आणि विद्यापीठानं उत्तर द्यावं. नाहीतर मी पुन्हा तीच बातमी लिहीन, आणि तुम्ही पुन्हा तीच वाचाल.