एका ख्रिस्ती वाचकाची मराठी वाचनयादी

मराठी वाङ्मयाच्या इतिहासग्रंथांत ‘ख्रिस्ती मराठी वाङ्मय’ या नावाचे एक प्रकरण बहुधा असते. फादर स्टीफन्सपासून त्याचा आरंभ होतो, मिशनऱ्यांच्या व्याकरण-कोशांची नोंद होते, बाबा पदमनजी आणि रेव्हरंड टिळक येतात आणि प्रकरण संपते. डॉ. गंगाधर मोरजे यांच्यासारख्या अभ्यासकांनी या वाङ्मयाचा पट चिकाटीने मांडला. त्यांचे ऋण मान्य करूनच एक प्रश्न उपस्थित करावासा वाटतो. हे प्रकरण लेखकाच्या धर्मावरून आखलेले आहे, वाचकाच्या वाचनावरून नव्हे. मराठवाड्यात राहणारा आणि मराठी शिकविणारा एक ख्रिस्ती वाचक या नात्याने मी माझ्या वाचनाची यादी करू लागलो, तर ती या प्रकरणात मावत नाही. ती का मावत नाही, हाच या टिपणाचा विषय.

यादीतील पहिला ग्रंथ अर्थातच ‘ख्रिस्तपुराण’. थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आले. त्यांचा सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापला गेला. माझ्या कपाटात मात्र त्याच्या शेजारी युरोपीय धर्मग्रंथ नाहीत, एकनाथी भागवत आहे. पैठण जवळ आहे, एवढेच त्याचे कारण नव्हे. एकनाथांचे निर्याण १५९९ चे. म्हणजे वीस वर्षे हे दोघे समकालीन होते, एक गोदातीरी, दुसरा गोव्यात. दोघांच्या ओवीची घडण तीच आहे: तीन चरणांना यमक, चौथा आखूड आणि मोकळा. दोघांनाही समोर प्रश्न विचारणारा माणूस लागतो. स्टीफन्सच्या पुराणात ब्राह्मण श्रोता शंका काढतो आणि पाद्री तिचे निरसन करतो. एकनाथांच्या ‘हिंदु-तुर्क संवादा’त दोन्ही पक्ष एकमेकांना खोचक प्रश्न विचारतात आणि शेवटी त्यांचा समेट होतो. भेदही येथेच आहे. एकनाथांचे दोघे बरोबरीचे आहेत. स्टीफन्सच्या संवादात उत्तर आधीच ठरलेले आहे, आणि त्या उत्तराच्या पाठीशी पोर्तुगीज सत्ता उभी आहे. ख्रिस्ती वाचकानेही हे नजरेआड करू नये. त्याच सत्तेने १६८४ मध्ये गोव्यात स्थानिक भाषेच्या वापराविरुद्ध फर्मान काढले. ग्रंथ तगला तो हस्तलिखिते करून घेणाऱ्या आणि वाचून दाखविणाऱ्या सामान्य भाविकांमुळे. पुढे १९०७ मध्ये मंगळूरहून सालढाणांची, तर १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ती निघाली. येथील विद्यापीठात मराठीचे अध्यापन केलेल्या डॉ. यू. म. पठाण यांनी या ग्रंथाच्या भाषेचा आणि संस्कृतीचा स्वतंत्र अभ्यास केला. ख्रिस्ती पुराणाचा हा अभ्यासक महानुभाव आणि संतवाङ्मयाचाही अभ्यासक होता, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. ज्या वाचनाचा मी पुरस्कार करीत आहे, ते या परिसरात पूर्वीच घडलेले आहे.

यादीतील दुसरा गट एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकातील ग्रंथांचा आहे. ‘यमुनापर्यटन’ (१८५७), ‘अरुणोदय’, टिळकांची ‘अभंगांजली’, लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’. यांतील बरेचसे आपल्या अभ्यासक्रमात आहेत. पण ते कोणत्या अटीवर, हे पाहण्यासारखे आहे. ‘यमुनापर्यटन’ आपण पहिली मराठी कादंबरी आणि विधवांच्या दुःखाची कथा म्हणून शिकवितो. तिच्यातील ख्रिस्ती प्रतिपादन हा कलादोष ठरवून बाजूस सारतो. टिळक हे ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून स्वीकारले जातात. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्ताकडे आलो, असे मानणारे टिळक मात्र ‘ख्रिस्ती वाङ्मया’च्या प्रकरणात जातात. एकाच कवीचे असे दोन तुकडे होतात. ‘स्मृतिचित्रे’ (१९३४–३६) मधील विनोदाचे आपण कौतुक करतो. परंतु १८९५ मध्ये पतीने बाप्तिस्मा घेतल्यानंतर १९०० मध्ये स्वतः घेईपर्यंतच्या वर्षांत लक्ष्मीबाईंच्या मनातील सोवळेओवळे आणि जातिभेद कसा गळून पडला, हा त्या ग्रंथाचा वैचारिक कणा वर्गात क्वचितच चर्चिला जातो. मुख्य प्रवाहात जे घेतले ते श्रद्धेपासून धुऊन घेतले, आणि ज्यातील श्रद्धा धुता आली नाही ते वेगळ्या कप्प्यात ठेवले, असे म्हणावे लागेल. श्रद्धेला मान डोलवावी, असे येथे सुचवायचे नाही. तुकोबांचा अभंग विठ्ठलाला वगळून आपण शिकवीत नाही. तोच न्याय टिळकांना लावावा, एवढेच म्हणणे आहे.

तिसरा ग्रंथ पंडिता रमाबाईंचे बायबल. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी केलेले हे भाषांतर त्यांच्या निधनानंतर, १९२४ मध्ये, पूर्णत्वाने प्रसिद्ध झाले. केडगावच्या मुक्तिसदनातील स्त्रियांनी ते छापले. संस्कृतात पारंगत असलेल्या या विदुषीने येथे संस्कृतप्रचुर भाषा हेतुतः टाळली, कारण समोरची वाचक खेड्यातील, नुकतीच अक्षरओळख झालेली स्त्री होती. भाषांतरमीमांसेच्या प्रश्नपत्रिकेत या ग्रंथाला स्थान नसावे, याचे आश्चर्य वाटते.

यादीतील चौथी जागा रिकामी आहे, आणि तीच मला सर्वांत महत्त्वाची वाटते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, निजामाच्या राज्यात, रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसविले. मराठवाड्यातील ख्रिस्ती समाज प्रामुख्याने अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतून आला. त्याचे वाङ्मय पुस्तकापेक्षा कंठात राहिले: ‘उपासना संगीता’तील पदे, टाळमृदंगावरील भजने, नाताळातील कीर्तने. छापील वाङ्मयावर मात्र टिळक, लक्ष्मीबाई, रमाबाई या ब्राह्मण कुळांतून आलेल्या लेखकांचा ठसा राहिला. दुसरीकडे, ज्या शहरात १९५० मध्ये मिलिंद महाविद्यालय उभे राहिले आणि जेथून डॉ. गंगाधर पानतावणे यांचे ‘अस्मितादर्श’ निघाले, त्या शहराने मराठीला दलित साहित्याचे बळ दिले. परंतु दलित ख्रिस्ती माणूस त्या साहित्यातही अभावानेच दिसतो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने आखलेल्या अनुसूचित जातींच्या कक्षेत १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध आले, ख्रिस्ती बाहेरच राहिले. कायद्यात जी अवस्था, तीच ग्रंथालयाच्या फडताळात: ‘ख्रिस्ती’ म्हटले की दलित नाही, ‘दलित’ म्हटले की ख्रिस्ती नाही.

जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद (आजचे धाराशिव) येथे भरलेल्या त्र्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी भूषविले. त्यांच्या निवडीला विरोध झाला आणि तिचे स्वागतही झाले. परंतु दोन्ही बाजूंची चर्चा त्यांच्या पाद्रीपणाभोवतीच फिरत राहिली. त्यांच्या गद्याची, ‘सुबोध बायबल’मधील भाषांतराची चिकित्सा त्या मानाने थोडी झाली. २०२४ मध्ये ते गेले. ती चिकित्सा अद्याप करावयाची आहे.

म्हणून दोन सूचना कराव्याशा वाटतात. पदव्युत्तर अभ्यासक्रमात ‘ख्रिस्तपुराणा’तील एखादा प्रसंग मध्ययुगीन वाङ्मयाच्या पत्रिकेत, एकनाथांच्या शेजारी, नेमावा; ‘ख्रिस्ती वाङ्मय’ या ऐच्छिक घटकात नव्हे. आणि एम. फिल. बंद झाल्यावर लघुप्रबंधाचे जे काम एम. ए. च्या विद्यार्थ्यांकडे आले आहे, त्यात जालना, बीड आणि संभाजीनगर परिसरातील मंडळ्यांत गायिली जाणारी भजने, वह्यांत उतरवून ठेवलेली पदे आणि वृद्धांच्या आठवणी यांचे संकलन व्हावे. या वह्या घराघरांत पेट्यांच्या तळाशी आहेत आणि त्या गाणारी पिढी थकली आहे. माझ्या यादीतील चौथी जागा भरेल ती तेथूनच.