"हवेमुळे" म्हणून पुढे जाऊ नका

आमच्या भिवंडीत यंत्रमागाचा धागा प्रत्येक घरात सापडतो. त्याला खडू बांधून झोका दिला की मुलं विचारतात, "बाई, थांबला का?" आपण "हवेमुळे" म्हणतो आणि पुढचा धडा काढतो. हे चुकतंय हो.

अणूच्या जगातही भोवतालच्या धक्क्यांनी नाजूक क्वांटम अवस्था विस्कटते. भोवतालचा प्रत्येक कण मोजणं संगणकालाही झेपत नाही. म्हणून त्या सगळ्यांचा एकूण परिणाम तेवढा गणितात धरतात. १९७६ साली हे गणित मांडणाऱ्यांत जॉर्ज सुदर्शन होते. तरुणपणी ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते, म्हणजे आपल्या शेजारीच!

मुलांना समीकरण नको. झोका दरवेळी किती लहान झाला, ते पट्टीने मोजू द्या. मग खडूला कागद चिकटवून पुन्हा मोजायला सांगा.