लेनार कोन शे?

मंडळी, २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष होतं, आठवतंय ना? आपल्याच देशाच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी ते जाहीर केलं होतं. पाककृती स्पर्धा झाल्या, ज्वारीचे केक झाले, नागलीच्या इडल्या झाल्या. ‘श्री अन्न’ असं भारदस्त नावही मिळालं. वर्ष संपलं. आमच्या नरडाण्याच्या शिवारात मात्र जिकडे तिकडे कपाशी आणि मकाच!

यावर काही शहाणे म्हणतात, “शेतकऱ्यांना आपल्या धान्याचं महत्त्वच कळत नाही हो.” हे ऐकलं की मला चीड येते. ज्याच्या घरी कळण्याची भाकरी होते, उन्हाळ्यात बिबडे वाळतात, त्या खानदेशी माणसाला ज्वारीचं महत्त्व तुम्ही शिकवणार? त्याचा प्रश्न एकच आहे... लेनार कोन शे? घेणार कोण?

मक्याचंच पाहा. मका काही आपलं रोजचं जेवण नाही. त्याचा महोत्सव कुणी भरवला नाही. पण कोंबडीखाद्याला मका लागतो, इथून जवळच दोंडाईच्याला मक्यापासून स्टार्च करणारा कारखाना आहे, आणि आता इथेनॉललाही मका हवा. घेणारा ठरलेला, म्हणून पेरणारा तयार. एवढं साधं गणित आहे.

आता भगर घ्या. १९९८ पर्यंत आपल्याच धुळे जिल्ह्यात असलेल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरउतारावर ती पिकते. एकादशीला, नवरात्रात आपण ती चांगले पैसे मोजून आणतो. म्हणजे खाणारा आहे! मग पिकवणाऱ्याच्या हाती काय पडतं? भगरीचं टरफल चिवट. उखळात कांडायचं म्हणजे बायकांचे हात भरून येतात. गावात गिरणी नाही, म्हणून टरफलासकट माल व्यापाऱ्याला द्यायचा, तो म्हणेल त्या भावाने. केंद्राच्या हमीभावाच्या यादीत ज्वारी, बाजरी, नागली आहेत, भगर नाही. छत्तीसगडने २०२१ मध्ये कोदो-कुटकीला आपल्या राज्यापुरता ३००० रुपये क्विंटल भाव बांधून दिला. कुटकी म्हणजे आपली भगरच की!

शहरातल्या हौशी गिऱ्हाइकावर माझा भरवसा नाही. २०१३ हे वर्ष किनोआचं होतं. पेरू-बोलिव्हियाच्या डोंगरातलं ते धान्य जगभर फॅशन झालं, भाव आभाळाला भिडले. मग इतर देशांनीही ते पेरलं आणि दोनतीन वर्षांत भाव कोसळले. फॅशन पुढे गेली, शेतकरी तिथेच राहिला.

खरं मोठं गिऱ्हाईक सरकारच आहे. मी शिक्षक होतो. १९९५ साली पोषण आहार योजना आली तेव्हा मुलांना महिन्याला तीन किलो तांदूळ मोजून देत होतो. त्या तांदळामुळे मुलं शाळेत टिकली, हे मी नाकारत नाही. पण बाप ज्वारी पिकवणारा, आणि पोराच्या पिशवीत परमुलखातला तांदूळ! त्याच ज्वारीची खरेदी गावातून केली असती तर पोराचं पोटही भरलं असतं आणि बापाचं पीकही टिकलं असतं. ओडिशाने २०१७ पासून हे करून दाखवलं. तिथे सरकार हमीभावाने नागली घेतं, अंगणवाडीतल्या मुलांना तिचे लाडू मिळतात. जे कोरापुटच्या डोंगरात जमतं ते सातपुड्यात का जमू नये?

असो. तर पुण्यामुंबईच्या भाचरांनो, पुतण्यांनो, तुमच्या सोसायटीत भरडधान्याची जत्रा भरली की जरूर जा, धिरडी खा. पण व्यासपीठावर जो कुणी साहेब असेल त्याला माझ्या वतीने विचारा: यंदा किती क्विंटल घेणार? कोणत्या भावाने? आणि वजनकाटा कोणत्या गावात लावणार?