चांगदेवाच्या मुलखातला योगदिन

मृग सरत आलेला असतो, आर्द्रा लागायच्या बेतात असते, पेरणी करावी की आणखी एक पाऊस बघावा या विचारात शेतकरी पडलेला असतो आणि २१ जून उजाडतो. जळगाव-धुळ्याच्या मैदानांवर पहाटेच सतरंज्या अंथरल्या जातात. शाळा नुकत्याच सुरू झालेल्या असतात, त्यामुळे मुलांची कुमक आयती मिळते. ध्वनिक्षेपकावरून ताडासन, वृक्षासन, भुजंगासनाच्या सूचना येतात, पहिल्या रांगेतले मान्यवर आपापल्या पोटाच्या परवानगीने वाकतात, पाऊण तासात कार्यक्रम आटोपतो आणि दुसऱ्या दिवशीच्या अंकासाठी आमच्याकडे छायाचित्रांचा ढीग येऊन पडतो. ११ डिसेंबर २०१४ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने भारताचा ठराव मंजूर केला, १७७ देश त्याचे सहप्रायोजक झाले आणि २०१५ पासून हा दिवस जगभर पाळला जातो. अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट आहे. पण योग म्हणजे काय आणि काय नव्हे, याचा निवाडा तापीच्या काठावर सातशे वर्षांपूर्वीच झाला आहे आणि योगदिनाच्या भाषणांत त्याची आठवण फारशी निघत नाही.

मुक्ताईनगर तालुक्यात तापी आणि पूर्णा जिथे मिळतात, तिथे चांगदेव नावाचे गाव आहे. गावातले चांगदेवाचे जुने दगडी देऊळ केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. माघात, महाशिवरात्रीच्या सुमारास, इथे यात्रा भरते, ती एकट्या चांगदेवाची नव्हे तर मुक्ताईची आणि चांगदेवाची मिळून. चांगदेव चौदाशे वर्षे जगला असे परंपरा सांगते. त्या आकड्याचा हिशेब मागू नये, त्यामागचे म्हणणे ऐकावे. समाधी लावून काळाला चुकवण्याइतकी योगशक्ती या माणसाकडे होती, वाघावर बसून सापाचा चाबूक करण्याइतकी हुकमत होती. आज असा कोणी अवतरला तर योगदिनाचे मुख्य पाहुणेपद त्याच्याकडून कोणी हिसकावू शकणार नाही.

असा हा सिद्ध पुरुष ज्ञानदेवांना पत्र लिहायला बसला आणि मायन्यालाच अडला. वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावा, की ज्ञानाने मोठे म्हणून नमस्कार? ठरेना, तेव्हा त्याने कोराच कागद धाडला. त्यावर मुक्ताईने काय टोला हाणला, तो मराठी घरांतून पोराटोरांनाही ठाऊक आहे. निवृत्तीनाथांच्या सांगण्यावरून ज्ञानदेवांनी त्या कोऱ्या कागदाला पासष्ट ओव्यांचे उत्तर लिहिले, तीच ‘चांगदेव पासष्टी’. आणि शेवटी या चौदाशे वर्षांच्या योग्याने गुरू केले ते कोवळ्या वयाच्या मुक्ताईला. सिद्धीचा इतका स्वच्छ पराभव सांगणारी दुसरी कथा योगाच्या परंपरेत शोधून सापडणे कठीण.

हा पराभव करणारी भावंडे योगाला परकी नव्हती, हे विसरून चालणार नाही. गोरक्षनाथ, गहिनीनाथ, निवृत्तीनाथ ही त्यांची गुरुपरंपरा. १२९० मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनीच्या जागृतीचे जे वर्णन मराठीत आले, तसे त्याआधी क्वचितच कुठल्या देशी भाषेत आले असेल. म्हणजे चांगदेवाला दिलेला बोल घरच्यांनीच दिलेला होता. पतंजलीचीही साक्ष त्याच बाजूने पडते. योगसूत्रांच्या तिसऱ्या पादात त्याने सिद्धींची यादी दिली खरी, पण समाधीच्या वाटेवर त्या अडथळेच ठरतात, असेही तिथेच बजावून ठेवले. मुक्ताई १२९७ मध्ये याच भागात, तापीकाठी मेहूण इथे, कडाडत्या विजेत अंतर्धान पावली. दर वर्षी तिची पालखी आषाढीसाठी निघते आणि सुमारे महिनाभर चालत पंढरपूर गाठते. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हापावसातून रोज ठरलेला टप्पा चालणाऱ्या त्या बायाबापड्यांना योगदिनाचे निमंत्रण कोणी देत नाही. तशी त्यांना गरजही नाही.

योगाचे मूळ कुठे, या प्रश्नावर आपल्याकडे उत्साह फार आणि सबुरी कमी. सिंधू संस्कृतीतल्या एका मुद्रेवरची बैठी आकृती दाखवून पाच हजार वर्षांचा दाखला दिला जातो. ती आकृती योग्याचीच, हे पुराव्याने सिद्ध झालेले नाही. त्यापेक्षा कठोपनिषदाचा आधार भक्कम आहे. इंद्रिये स्थिर धरून ठेवणे म्हणजे योग, अशी स्पष्ट कल्पना तिथे भेटते. पुढे पतंजलीने, म्हणजे इसवी सनाच्या अलीकडे-पलीकडे काही शतकांत, हा विचार दोनशेहून थोड्या कमी सूत्रांत बांधला. त्यात आसनांच्या वाट्याला सूत्रे आली तीन. यम आणि नियम, म्हणजे खोटे न बोलणे, चोरी न करणे, साठेबाजी न करणे, समाधानाने राहणे, हे सगळे आसनाच्या आधी. हा क्रम मैदानावरच्या पहिल्या रांगेला मोठ्याने वाचून दाखवावा, असा मोह आम्हाला दर वर्षी होतो. पंधराव्या शतकातल्या हठयोगप्रदीपिकेत वर्णिलेली आसने अवघी पंधरा. आज शिकवली जाणारी बरीच आसने आणि त्यांची मांडणी गेल्या शे-दीडशे वर्षांतली आहे. सूर्यनमस्कार घरोघर आणि शाळाशाळांत नेले ते औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी, तेही विसाव्या शतकात. अलीकडचे म्हणून त्याचे मोल कमी होत नाही. फक्त सगळेच ऋषींच्या नावावर खपवू नये.

या अलीकडच्या इतिहासातले एक महत्त्वाचे पान बोरी नदीच्या काठचे आहे. जगन्नाथ गणेश गुणे नावाचे एक तरुण शिक्षक अमळनेरला खानदेश एज्युकेशन सोसायटीत काम करत होते. जन्म १८८३ चा, गुजरातेतल्या डभोईचा. शरीर कमावले बडोद्याला राजरत्न माणिकरावांच्या हाताखाली, मनावर ठसा टिळक आणि अरविंदांचा. अमळनेरच्या नॅशनल कॉलेजचे ते प्राचार्य झाले. तो असहकाराचा काळ होता. १९२३ मध्ये ते कॉलेज बंद झाले. दरम्यान नर्मदाकाठी मालसर इथे परमहंस माधवदासजींकडे ते योग शिकले होते आणि त्यांच्या डोक्यात एक प्रश्न घर करून बसला होता: ही क्रिया केली की शरीरात होते तरी काय? १९२० च्या सुमारास बडोद्याच्या दवाखान्यात त्यांनी उड्डियान आणि नौली करणाऱ्यांच्या पोटाची क्ष-किरणांखाली तपासणी केली. नौली करताना मोठ्या आतड्यात दाब उतरून अंशतः निर्वात स्थिती तयार होते, हे त्यांना मोजून दाखवता आले. या पोकळीला त्यांनी गुरूचे, माधवदासांचे, नाव दिले.

हेच गुणे मास्तर पुढे स्वामी कुवलयानंद म्हणून ओळखले गेले. १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम काढले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. योगाकडे प्रयोगशाळेतून पाहण्याची वाट जगात ज्यांनी पहिल्यांदा पाडली, त्यांत त्यांचे नाव अग्रभागी आहे. आम्हाला त्यांची एक गोष्ट विशेष मोलाची वाटते. प्राणायामाने शरीराला पुष्कळ जास्त प्राणवायू मिळतो, ही समजूत तेव्हाही लोकप्रिय होती आणि आजही आहे. स्वतः प्राणायामाचे पुरस्कर्ते असूनही मोजमापाने तिला आधार मिळाला नाही, तेव्हा त्यांनी ती बाजूला सारली आणि प्राणायामाचा लाभ अन्यत्र शोधला. आपल्या लाडक्या विषयाच्या बाजूने बोलणारी चुकीची गोष्टही खोडून काढायला वेगळी छाती लागते. ‘अमुक आसनाने तमुक रोग मुळासकट’ असे फलक लावणाऱ्यांनी अमळनेरच्या या प्राचार्यांची ओळख करून घ्यायला हवी.

गुणे लोणावळ्याला गेले आणि खानदेश एज्युकेशन सोसायटीच्याच शाळेत १९२४ मध्ये एक नवे शिक्षक रुजू झाले, साने गुरुजी. हा धागा तिथून थेट धुळ्याच्या तुरुंगात जातो. २१ फेब्रुवारी १९३२ पासून दर रविवारी विनोबा भावे त्या तुरुंगात गीतेवर बोलत गेले. अठरा रविवार, अठरा अध्याय. साने गुरुजी कैदी म्हणून समोर बसून भरभर लिहून घेत होते. शेवटचे प्रवचन १९ जूनला झाले. ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक असे धुळ्यात जन्मले आणि भारतातल्या कितीतरी भाषांत गेले. सहाव्या अध्यायावर, ध्यानयोगावर, विनोबा बोलले ती तारीख २७ मार्च. चित्ताची एकाग्रता, तिला पोषक असे मोजके जीवन आणि सर्वांकडे समदृष्टीने पाहणे, या तीन गोष्टींवर त्यांनी तो योग उभा केला. समोर बसलेल्यांची कोठडी ठरलेली, भाकरी ठरलेली, दिवे मालवण्याची वेळही सरकारने ठरवलेली. मोजके जीवन त्यांच्यावर लादलेले होते आणि त्याचीच साधना कशी करायची हे हा माणूस सांगत होता. तिथे चटया नव्हत्या आणि छायाचित्रकारही नव्हते.

मोजके जीवन हा शब्द खानदेशाला जरा झोंबतो, हे आम्ही जाणून आहोत. पोटाचा चौथा हिस्सा रिकामा ठेवावा, असे हठयोगप्रदीपिका सांगते. हिवाळ्यात शेतावर भरीत पार्टी रंगलेली असताना, कळण्याची भाकरी तव्यावरून उतरत असताना चौथा हिस्सा रिकामा ठेवून उठणारा खानदेशी अजून आम्ही पाहिलेला नाही. शेवभाजीच्या तर्रीबद्दल तर बोलायलाच नको.

आता प्रकृतीचे. योगाने काय साधते, याची उत्तरे आज बरीच स्पष्ट आहेत आणि ती फलकांइतकी चमकदार नाहीत. जुनाट कंबरदुखीवर औषधांच्या आधी करून पाहाव्यात अशा उपायांत अमेरिकेतल्या वैद्यकतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये योगाचा समावेश केला. नियमित सरावाने रक्तदाब थोडा उतरतो, मधुमेहाच्या औषधोपचाराला जोड मिळते, झोप सुधारते, चिंता हलकी होते. संथ श्वसनात उच्छ्वास लांबला की हृदयाचे ठोके मंदावतात, कारण शरीराला शांत करणारी चेतासंस्थेची बाजू त्या वेळी जोर धरते. म्हातारपणी तोल सांभाळला जातो, हा लाभ तर फार थोडे जण सांगतात. पडून मांडीचे हाड मोडलेल्या आजीच्या घरच्यांना त्याची किंमत विचारावी. पण ‘थोडा’ आणि ‘जोड’ हे शब्द विसरले की घात होतो. गोळ्या बंद करून कपालभातीवर विसंबणे हा योग नव्हे, तो जुगार आहे. शीर्षासनात डोळ्यांतला दाब बराच वाढतो, म्हणून काचबिंदू असलेल्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. उच्च रक्तदाब, हर्निया, गर्भारपण अशा वेळी वैद्याला आणि जाणत्या शिक्षकाला विचारल्याशिवाय काही करू नये. हजार माणसांना एकाच ध्वनिक्षेपकावरून एकच आसन सांगण्याचा मोठा दोष हाच की समोरच्याचे दुखणे कोणी विचारत नाही.

आणि ही दुखणी इथे वेगवेगळी आहेत. जळगावच्या सराफी पेढीवर दिवसभर मांडी घालून बसणाऱ्याला चालणे हवे आणि पाठीचा ताण मोकळा करणे हवे. रावेर-यावलच्या केळीबागांतून जड घड खांद्यावरून वाहणाऱ्या मजुराला व्यायामाची वाण नाही. त्याला हवी आहे मान आणि कंबर सैल करणारी दहा मिनिटे आणि खरी विश्रांती. कपाशीची निंदणी करणारी बाई दिवसभर पुढे वाकलेली असते. तिला योगदिनी पुन्हा पुढेच वाकायला लावण्यात काय हशील? तिला मागे झुकणारी सोपी आसने आणि शवासन शिकवावे. ती पहाटे सहाला मैदानावर येऊ शकत नाही, कारण त्या वेळी तिला पाणी भरायचे असते आणि डबा करायचा असतो. तिच्यासाठी वेळ हवी संध्याकाळची आणि जागा हवी घराजवळची.

पतंजलीने सरावाच्या अटी सांगितल्या आहेत: तो दीर्घ काळ चालावा, त्यात खंड पडू नये आणि तो आदराने व्हावा. एका दिवसाच्या सोहळ्यात यातली एकही अट पुरी होत नाही. म्हणून जळगाव आणि धुळे जिल्हा परिषदांना आणि दोन्ही महापालिकांना आमचे सांगणे आहे. गावोगावच्या आयुष्मान आरोग्य मंदिरांत योगसत्रांची तरतूद आहे आणि रक्तदाब मोजण्याचे यंत्रही तिथेच आहे. आठवड्यातून किमान तीन संध्याकाळी तिथे सत्र घ्या, शिकवणाऱ्याला वेळेवर मानधन द्या, येणाऱ्या प्रत्येकाचा रक्तदाब, वजन आणि दुखणे पहिल्या दिवशी वहीत लिहा आणि सहा महिन्यांनी पुन्हा मोजा. पुढच्या योगदिनी किती हजार माणसे मैदानावर जमली हा आकडा आम्हाला पाठवू नका. त्या वह्यांतले आकडे पाठवा, आम्ही ते पहिल्या पानावर छापू.