कासेतील वाट

बेळगावला आलेला पाहुणा कुंदा न घेता परतला, असे सहसा घडत नाही. त्या चवीचे श्रेय आपण आचाऱ्याला देतो, फार तर म्हशीच्या चाऱ्याला. परंतु दूध हे काही रक्तातून गाळून आलेले नसते. कासेतील ग्रंथींच्या पेशी ते घडवितात. आणि घडविलेला माल त्या बाहेर कसा धाडतात, ही हकिकत आम्हांला कुंद्याइतकीच गोड वाटते.

म्हशीच्या दुधातील प्रथिनांत सुमारे ८० टक्के वाटा केसीनचा. रिबोसोम नामक सूक्ष्म कणांवर त्याची साखळी गुंफली जात असते, तेव्हा तिच्या आरंभीचा लहानसा तुकडा पत्त्याच्या चिठ्ठीचे काम करतो. ती चिठ्ठी ओळखून साखळी आंतर्द्रव्य जालिकेत, म्हणजे पेशीतील पडद्यांच्या पोकळ जाळ्यात, ओवली जाते आणि चिठ्ठी तेथेच छाटली जाते. याच शोधाबद्दल गुंटर ब्लोबेल यांना १९९९ चे नोबेल पारितोषिक लाभले. जालिकेत बहुतेक प्रथिनांच्या साखळीला नेमकी घडी पडावी लागते. घडी बिघडलेला माल पुढे जात नाही; बहुधा मोडून टाकला जातो. निपाणीच्या वखारीतही पारखल्यावाचून तंबाखू हलत नाही. तेथे निदान पारखणारे डोळे असतात!

पुढचा मुक्काम गॉल्गी पिंडाचा. इटलीतील कामिल्लो गॉल्गी यांनी १८९८ मध्ये घुबडाच्या चेतापेशींत तो प्रथम पाहिला. पण हा केवळ रंगक्रियेचा भास आहे, असे पुढे अर्धशतक अनेक विद्वान म्हणत राहिले. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आला आणि वाद मिटला. मग जॉर्ज पालादे यांनी स्वादुपिंडाच्या पेशींत किरणोत्सर्गी खूण केलेल्या प्रथिनांचा माग काढून हा सारा मार्ग निश्चित केला. १९७४ च्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी होत.

कासेच्या पेशीत या मुक्कामाला आगळे महत्त्व आहे. येथे केसीनला फॉस्फेट जोडले जाते व त्याभोवती कॅल्शियम गोळा होते. कॅल्शियम फॉस्फेट मोकळे राहते, तर कासेतच खडे साचते. केसीन ते सूक्ष्म गोळ्यांत बांधून ठेवते, म्हणूनच रेडकाच्या हाडांसाठी लागणारा चुना म्हशीला सुखरूप देता येतो. दुग्धशर्कराही येथेच बनते आणि तिला मदत करणारे एक प्रथिन याच वाटेने आलेले असते. (कढईत हीच शर्करा आणि हीच प्रथिने तापून एकमेकांशी संयोग पावतात व कुंद्याला तांबूस रंग चढविण्यास हातभार लावतात.) शर्करा पाणी ओढते, पुटिका फुगतात, पेशीच्या आवरणाला भिडून उघडतात आणि दूध बाहेर येते. स्निग्धांशाची तऱ्हा मात्र निराळी. तो त्या आवरणाचाच तुकडा पांघरून निघतो.

ही वाट अडली तर काय होते, ते शेळ्यांत दिसून आले आहे. काही शेळ्यांत आल्फा-एस-१ हा केसीनचा एक प्रकार जन्मतःच नसतो. त्या सोबत्यावाचून उरलेल्या केसीनांना जालिकेतून निघणे अवघड जाते. ती तेथेच साचतात आणि जालिका फुगते. चाऱ्यात काही उणे नसताही अशा शेळीच्या दुधात केसीन कमी भरते, आणि त्याचे चीजही कमी उतरते.