पळपुटा कोण?

तात्या टोपे हा सेनापती नव्हेच, तो केवळ पळण्यात पटाईत होता, असे म्हणण्याची टूम आमच्या सुशिक्षितांत आहे. बदलीच्या गावी चार मराठी मंडळी जमली की चहाबरोबर हे मत हमखास येते. त्याचा समाचार घेणे आम्हांस अवश्य वाटते.

प्रतिपक्षाचे जे खरे, ते आधीच मान्य करू. दि. १ एप्रिल १८५८ रोजी बेतवेच्या काठी तात्याजवळ सुमारे २०,००० लोक होते. सर ह्यू रोजने अवघ्या दीड हजार शिपायांनिशी त्यांचा मोड केला आणि झाशीची आशा मावळली. समोरासमोरच्या लढाईत ही फौज बहुधा टिकत नसे. परंतु नोव्हेंबर १८५७ मध्ये कानपुरास जनरल विंडहॅमला खंदकांआड रेटणारा सेनापती हाच, हे सोयीस्करपणे का गाळले जाते?

जून १८५८ मध्ये ग्वाल्हेर गेले, राणी लक्ष्मीबाई पडल्या. तरीही पुढे दहा महिने तात्याने राजपुताना व माळवा पालथा घालीत इंग्रजांची पथकामागून पथके दमविली. बनास नदीवर तोफा गेल्या, तर झालरापाटणास नव्या मिळविल्या. शिवकालात जो गनिमी कावा, तोच १८५८ मध्ये पळ कसा ठरतो?

ऑक्टोबरअखेर तो नर्मदा उतरला. पेशव्यांच्या नावाने दक्षिण उठेल, ही त्याची आशा. नागपूरचे राज्य खालसा होऊन पुरती पाच वर्षेही झाली नव्हती. कोल्हापूरचा उठाव आधीच चिरडला गेला होता, हे आम्ही विसरत नाही. तथापि नागपुराकडून साथ आली नाही आणि तात्याला माघारी वळावे लागले. दाराशी आलेल्याला ज्यांनी दार उघडले नाही, त्यांच्या वंशजांनी त्याला पळपुटा म्हणावे काय?

दि. ७ एप्रिल १८५९ रोजी नरवरच्या मानसिंगाच्या दग्यामुळे तो पकडला गेला. आपण धन्याच्या आज्ञेप्रमाणे वागलो, असे त्याने जबानीत सांगितले. ‘वरचा हुकूम’ हे शब्द आम्हां कारकुनांच्याही तोंडी रोज असतात, पण ते जबाबदारी झटकण्यासाठी. त्याने ते उच्चारले तेव्हा नानासाहेब नेपाळात परागंदा होते आणि समोर फाशी होती. १८ एप्रिलला शिवपुरीस ती झाली.

ज्याची बदली त्या बाजूस होईल, त्याने तेथे क्षणभर उभे राहावे आणि मग खुशाल ठरवावे, पळाले कोण.